गाडी त्यांची, लाइट बिल आमचं!

आंबिया बहाराचा संत्रा विकला गेला, व्यापाऱ्याकडून पैसे हाती आले, की आमच्या नरखेड तालुक्यात घराघरांत दोनच विषय निघतात. एक पोरीचं लग्न आणि दुसरा गाडी. लग्न ठरायला वेळ लागतो. पाहुणे येतात, पोहे होतात, कुठेतरी माशी शिंकते... गाडीचं मात्र एका रविवारी ठरून जातं! घरातली पुरुष मंडळी नागपूरला जातात, शोरूममधला चहा पितात आणि चकचकीत कागद घेऊन घरी येतात. अलीकडे या कागदांवर बऱ्याचदा विजेवर चालणारी गाडी असते. 'पेट्रोलची कटकट नाही. एका रुपयात एक किलोमीटर!' हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या घरांत ऐकलंय की आता तोंडपाठ झालंय.

बचतगटांच्या कामासाठी माझं जलालखेडा, मोवाड, सावरगाव असं फिरणं असतं. एका बैठकीत हिशेबाची वही मिटल्यावर असाच गाडीचा विषय निघाला. एक जण हसत हसत म्हणाली, "ताई, थे गाडी पेट्रोल पेत नाही, हे समजलं. पण लाइट तं पेतेच ना? अन् लाइट बिल तं मलेच भरा लागते!"

सगळ्या हसल्या. मला मात्र वाटलं, शोरूमच्या कोणत्याच कागदावर नसलेली गोष्ट ही बाई एका वाक्यात बोलून गेली.

मैत्रिणींनो, आपल्या घरात पैशाच्या वाटण्या कशा असतात ते आठवून पाहा. पेट्रोल यजमानांच्या खिशातून जातं. पंपावर ते उभे असतात, पाचशेची नोट तेच काढतात. किराणा, दूध, गॅस, मुलांची फी आणि लाइट बिल हे आपल्याला मिळणाऱ्या घरखर्चातून. आता गाडी विजेवर आली, घराच्या मीटरवर चार्ज व्हायला लागली, की काय होतं? खर्च कमी होतो हे खरंच. पण जो उरतो तो त्यांच्या खिशातून निघतो आणि मुकाट्याने आपल्या डब्यात येऊन बसतो. घरखर्चाची रक्कम मात्र तेवढीच राहते. दोन महिन्यांनी 'एवढं बिल कसं काय आलं? दिवसभर टीव्ही चालू असतो की काय?' हे ऐकायलाही आपणच!

आता जरा आकडेमोड करू. गणिताला घाबरू नका, बचतगटाचं व्याज काढणाऱ्या बायकांना हे काहीच नाही.

नागपूरकडे पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे. लहान गाडी गावाकडच्या रस्त्यांवर लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये धरा. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर साडेसहा हजारांचं पेट्रोल. तेवढंच अंतर कापायला विजेच्या लहान गाडीला साधारण दीडशे युनिट लागतात. आता इथेच खरी गोम आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे असतात. पहिल्या शंभर युनिटांपर्यंत वीज स्वस्त, त्यापुढचं युनिट जवळपास दुप्पट भावाचं. वहन आकार, वीज शुल्क सगळं धरलं तर पुढच्या टप्प्यातलं युनिट बारा-तेरा रुपयांच्या घरात जातं. ज्या घरात पंखे, फ्रिज, मिक्सर मिळून नव्वद युनिट जळतात, तिथे गाडीचे दीडशे जवळपास सगळे या महाग टप्प्यात पडतात. म्हणजे महिन्याला साधारण एकोणीसशे रुपये. किलोमीटरला एक नव्हे, दोन रुपये झाले!

तरीही साडेसहा हजारांपुढे एकोणीसशे म्हणजे मोठी बचत आहे, हे मी नाकारत नाही. महिन्याला साडेचार हजार, वर्षाला पंचावन्न हजारांच्या जवळ. त्यात इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगचा खर्चही कमी. ब्रेकसुद्धा कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच गाडीला अडवते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. टायर मात्र लवकर झिजू शकतात, गाडी वजनाला जड असते ना!

पण हे झालं हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं. आपल्याकडच्या किती गाड्या महिन्याला हजार किलोमीटर फिरतात? वावरात जायला मोटरसायकल, गावात जायला मोटरसायकल. चारचाकी निघते ती लग्नाला, दवाखान्याला आणि महिन्यातून एकदा नागपूरला. एरवी ती अंगणात कव्हर पांघरून उभी! अशा घराचं फिरणं तीनशे किलोमीटरच्या आसपास असतं. त्यांची बचत महिन्याला चौदाशे रुपये, वर्षाला सोळा-सतरा हजार. विजेच्या गाडीला जीएसटी 2019 पासून पाच टक्केच आहे, तरी सारख्या आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती साधारण तीन लाखांनी महाग पडते. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे हे अंतर आणखी वाढलं. ते तीन लाख तीनशे किलोमीटरवाल्यांचे वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील. आणि बॅटरीची हमी? बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, एवढी देतात. गाडीत सगळ्यात महाग वस्तू तीच, गाडीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश. हमी संपलेली गाडी विकायला काढली की घेणाऱ्याचं पहिलं बोट बॅटरीवर जातं आणि तिथेच भाव पडतो.

थोडक्यात, ही गाडी पळवणाऱ्याला स्वस्त आणि मिरवणाऱ्याला महाग. रोज काटोलला नोकरीला जाणारे, शिक्षक दांपत्य, दुकानाचा माल आणणारे, यांनी जरूर विचार करावा. ज्यांची गाडी अंगणात शोभेला उभी राहणार आहे त्यांनी तीन लाख बँकेत ठेवावेत... किंवा माझं ऐकाल तर बायकोच्या नावाने ठेवावेत!

आता भरवशाचं पाहू. आपल्या नागपुरात एक प्रयोग होऊन गेलाय, फार जणींना तो आठवत नसेल. मे 2017 मध्ये ओला कंपनीने महिंद्रबरोबर नागपुरात विजेवरच्या टॅक्सी सुरू केल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उद्घाटनाला होते. दोनशे गाड्यांचा प्रकल्प, देशातला अशा प्रकारचा पहिला म्हणून मोठं कौतुक झालं. वर्ष व्हायच्या आतच, 2018 च्या सुरुवातीला, बातम्या आल्या की चालक गाड्या परत करताहेत आणि पुन्हा डिझेलकडे वळताहेत. का? चार्जिंगची ठिकाणं मोजकी, तिथे तासन् तास रांगा, तेवढा वेळ धंदा बंद. एका ठिकाणी तर या रांगांनी रस्ता अडतो म्हणून आजूबाजूच्या रहिवाशांनी विरोध केला आणि ते केंद्रच बंद करावं लागलं. म्हणजे गाड्या होत्या, पण त्यांच्याभोवतीची सोय नव्हती.

तेव्हापासून दिवस बदललेत. बॅटऱ्या मोठ्या झाल्या, नागपुरात चार्जिंगची ठिकाणं वाढली. तिकडे नॉर्वेमध्ये तर 2024 साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेवरच्या होत्या, म्हणजे यंत्र काही वाईट नाही. पण नॉर्वेत लाइन जात नाही हो! आमच्याकडे ढग गडगडले की आधी लाइन जाते, मग पाऊस येतो. एप्रिल-मे महिन्यात वादळ सुटलं, तारेवर फांदी पडली, की वायरमनचा फोन 'व्यस्त आहे' सांगतो आणि रात्र अंधारात जाते. ज्या भागात शेतकऱ्याने ओलितासाठी रात्री-बेरात्री विजेची वाट पाहिलीय, तिथल्या बाईला विजेचा भरवसा म्हणजे काय ते शिकवायला नको.

नरखेडहून नागपूर ऐंशी-नव्वद किलोमीटर. जाऊन-येऊन पावणेदोनशे धरा. लहान विजेच्या गाडीचा कागदावरचा आकडा तीनशेच्या आसपास असतो. तो प्रयोगशाळेतला. चार माणसं, डिकीत सामान, मे महिन्याचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आणि चालू एसी, असा हिशेब धरला तर ती खरोखर दीडशे ते दोनशे किलोमीटर जाते. म्हणजे नागपूरहून परत येताना काटोल ओलांडलं की सगळ्यांचं लक्ष रस्त्यावर नसून त्या टक्केवारीच्या आकड्यावर! वाटेत जलद चार्जिंग मिळालं तर तिथे युनिट वीस रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातं, पुन्हा अर्धा-पाऊण तास थांबा. ऐंशी टक्क्यांनंतर तर वेग आणखी मंदावतो. बॅटरीला फार ऊन मानवत नाही, उष्णतेने तिचं आयुष्य कमी होतं. म्हणून विदर्भातल्या माणसाने 'बॅटरी थंड ठेवायला आत द्रव फिरवण्याची सोय आहे का' हे गाडीच्या रंगाआधी विचारावं. शोरूममध्ये मात्र बायकांना फक्त रंगच विचारतात!

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रात्रीची. समजा पावसाळ्यात वावरात कुणाला साप चावला, किंवा सुनेला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या आणि ग्रामीण रुग्णालयाने सांगितलं, नागपूरला मेडिकलला न्या. 108 ची रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. अंगणात गाडी उभी आहे, पण बॅटरी पंधरा टक्के. कारण यजमान दमून आले आणि वायर लावायची राहिली. पेट्रोलची गाडी असती तर पंपावर पाच मिनिटांत काम झालं असतं. इथे घरच्या प्लगवर पूर्ण चार्ज व्हायला आठ-नऊ तास लागतात. आणि मग रोज रात्री 'गाडी लावली का?' हे विचारायचं कुणी? गॅसचं बटण, मागचं दार, दुधाला विरजण या सगळ्याबरोबर आणखी एक काम बाईच्या माथी. ज्या घरात एकच गाडी आहे आणि दवाखाना ऐंशी किलोमीटरवर आहे, तिथे चाळीस टक्क्यांच्या खाली बॅटरी जाऊ द्यायचीच नाही, असा नियम हवा. आणि तो पाळायची जबाबदारी जो चालवतो त्याची.

प्लगचंही सांगते. आपल्या जुन्या घरांत वायरिंग कधीचं? सासऱ्यांच्या काळातलं! गाडीचा चार्जर म्हणजे जवळपास चार एचपीची मोटर रात्रभर चालू ठेवल्यासारखं आहे. तो एक्स्टेन्शन बोर्ड लावून खिडकीतून वायर बाहेर काढून चालवायचा नाही. वेगळी जाड वायर, चांगलं अर्थिंग, वेगळा एमसीबी हवा. लाइट बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो, तो आपण कधी पाहत नाही. खूप घरांचा तो एक-दोन किलोवॉटच असतो. तो वाढवून घ्यावा लागतो. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत कुणीच धरत नाही.

बिघाडाची गोष्ट वेगळीच. यंत्रात फिरणारे भाग कमी, म्हणून बिघाड कमी, हे बरोबर आहे. पण झाला की आपल्या गावच्या मिस्त्रीच्या हातातलं काम नाही, आणि त्याने हात लावूही नये, कारण आत जिवावर बेतेल एवढा दाब असतो. आमच्या नात्यातल्या एका घरी अशी गाडी एका सकाळी उठेचना. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, तरी पडदा काळा! मग कळलं, या गाडीत पेट्रोल गाडीसारखी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि तीच बसली होती. छोटी रुसली की मोठी जागी होत नाही... (अगदी जावा-जावांसारखं!) बरं, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून न्यावी तर तेही चालत नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि नुकसान होऊ शकतं. नागपूरहून सपाट ट्रक आला, त्यावर चढवून नेली. तो दिवस आणि पुढचे पाच दिवस गाडी तिकडेच. त्या घरच्या वहिनींनी मला सांगितलं, "गाडी गेली त्याचं काही नाही, पण मामंजींच्या डायलिसिसची तारीख होती, भाड्याची गाडी करावी लागली." हे भाडंही गाडीच्या खर्चातच धरायला नको का?

कर्जाचं तर संत्रावाल्यांनी फारच जपून पाहावं. हप्ता दर महिन्याला येतो, संत्र्याचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा. त्यात बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून आपल्या संत्र्याचे भाव कसे गडगडले ते सगळ्यांनी भोगलंय. पूर्वी अशा कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत होती. ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. कुणी अजून ती सांगत असेल तर 'कागद दाखवा' म्हणा. राज्य सरकारने 2025 मध्ये समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोल माफ केला, चांगली गोष्ट. पण आपल्याला नरखेडहून काटोलमार्गे नागपूर गाठायचं आहे, मुंबई नाही!

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई विजेच्या गाडीच्या विरोधातच आहे. अजिबात नाही. उलट एका गोष्टीसाठी मला ती मनापासून आवडते. तिला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. गाडी शिकायला घाबरणाऱ्या किती बायका मी पाहिल्यात, 'चढावर बंद पडली तर?' या एका भीतीने स्टिअरिंग सोडून देणाऱ्या. विजेची गाडी चढावर अशी बंद पडत नाही. स्कूटी चालवणारी पोरगी पंधरा दिवसांत ही गाडी शिकते. घरात ती येणारच असेल तर चालवायचा परवाना सुनेचाही काढा. मगाशी सांगितलेल्या रात्री दोन वाजता गाडी चालवू शकणारे घरात दोघं तरी असले पाहिजेत.

आणि छप्पर असेल तर सौर पॅनेलचा विचार आधी करा, गाडीचा नंतर. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. पावणेदोन-दोन लाखांच्या खर्चात ही मोठी मदत आहे. आपल्या भागात ऊन काय कमी आहे! तीन किलोवॉटमधून महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट मिळतात. दिवसा तयार झालेली महावितरणकडे जमा होते, रात्री वापरलेली त्यातून वजा होते. घर आणि गाडी दोन्ही त्यात भागू शकतात आणि त्या महाग टप्प्याचा प्रश्नच मिटतो. एक मात्र लक्षात ठेवा, लाइन गेली की हे पॅनेलही बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था असते. म्हणजे वादळाच्या रात्रीचा प्रश्न सौर पॅनेलनेही सुटत नाही. 'छतावर सोलर आहे, आता काय काळजी' म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

धुराचं म्हणाल तर आपल्या अंगणात धूर निघत नाही, पण तो कोराडी-खापरखेड्याच्या चिमणीतून निघतोच. तिथल्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकतात. पेट्रोलपेक्षा एकूण हिशेबात तो कमी, एवढं खरं. असो, तो वेगळा विषय आहे.

तो बिलाचा प्रश्न विचारणारी बाई परवा पुन्हा भेटली. त्यांच्याकडे गाडी आली आहे, मुलगा रोज काटोलला जातो, त्यामुळे चांगली पळते. तिने इलेक्ट्रिशियनला सांगून गाडीच्या प्लगला वेगळा छोटा मीटर बसवून घेतलाय. काही शंभर रुपयांत येतो. एक तारखेला ती आकडा वहीत लिहिते, मागचा वजा करते, बिलातल्या वरच्या दराने गुणते आणि वही मुलापुढे ठेवते. मागच्या महिन्यात तिने चौदाशे ऐंशी रुपये मोजून घेतले. मी विचारलं, मुलगा कुरकुरला नाही का? म्हणाली, "कुरकुरला नं! म्या म्हटलं, पंपावरच्या पोट्ट्याले उधार ठेवत होता का तू?"